सिंग्युलर बिंदूपाशी पॉवर सिरीज: फ्रोबेनियस पद्धतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अवकल समीकरणाचे उत्तर सिंग्युलर बिंदूपाशी सिरीजने काढण्याची फ्रोबेनियस पद्धत बहुतेक विद्यार्थ्यांना 'तीन केस' म्हणून पाठ असते: मुळांचा फरक पूर्णांक नाही, मुळे सारखी, फरक पूर्णांक. परीक्षा झाली की आठवड्याभरात तिन्ही विसरतात. इंडिशियल समीकरणाची, म्हणजे सिरीजच्या पुढचा घातांक ठरवणाऱ्या वर्गसमीकरणाची, दोन मुळे हा या पद्धतीचा गाभा आहे. ती काय सांगतात हे कळले की तिन्ही केस आपोआप सुचतात, म्हणून खालची उत्तरे त्या मुळांभोवतीच फिरतात.

खुणा अशा: क्ष हे चल, य हे उत्तर, य′ आणि य″ हे त्याचे अवकलज, क(न) हे सिरीजचे सहगुणक, र हा घातांक, आणि ^ ही घाताची खूण. समीकरण दुसऱ्या कोटीचे, रेषीय, उजवीकडे शून्य असलेले. सिंग्युलर बिंदू क्ष = ० वर धरला आहे. तो दुसरीकडे असेल तर तेवढे वजा करून नवे चल घ्यावे.

सिंग्युलर बिंदू नेमका कशाला म्हणायचे?

आधी य″ चा सहगुणक १ करून घ्या, म्हणजे समीकरण य″ + प(क्ष) य′ + त(क्ष) य = ० असे दिसेल. प आणि त दोन्ही त्या बिंदूपाशी अ‍ॅनालिटिक असतील, म्हणजे पॉवर सिरीजने मांडता येत असतील, तर बिंदू ऑर्डिनरी. एक जरी तसा नसेल तर सिंग्युलर.

भागाकार केल्यावरच निर्णय द्या. क्ष य″ + (साइन क्ष) य = ० मध्ये य″ चा सहगुणक शून्यावर शून्य होतो, म्हणून पुष्कळजण घाईने 'सिंग्युलर' लिहितात. भागल्यावर उरते साइन क्ष भागिले क्ष, आणि त्याची सिरीज १ − क्ष^२/६ + … अशी सरळ आहे. बिंदू ऑर्डिनरीच आहे.

तिथे साधी पॉवर सिरीज का चालत नाही?

४ क्ष^२ य″ + य = ० घ्या. य = क(०) + क(१) क्ष + क(२) क्ष^२ + … असे धरून समीकरणात घाला. क्ष^न चा सहगुणक येतो (४न(न − १) + १) क(न), म्हणजेच (२न − १)^२ क(न). हा प्रत्येक न साठी शून्य हवा. न पूर्णांक असल्यामुळे (२न − १) कधीच शून्य होत नाही, म्हणून सगळे क(न) शून्य. एवढ्या हिशेबानंतर हाती आलेले उत्तर य = ०!

पण (२न − १)^२ हे न = १/२ ला शून्य होते, आणि √क्ष हे या समीकरणाचे खरोखर उत्तर आहे (दुसरे √क्ष · लॉग क्ष). उत्तर होते, पण ते पूर्णांक घातांच्या साच्यात बसत नव्हते. म्हणून सिरीजच्या पुढे क्ष^र लावायचे आणि र किती ते समीकरणालाच ठरवू द्यायचे. ही फ्रोबेनियसची मांडणी.

रेग्युलर आणि इरेग्युलर यात फरक कसा करायचा?

क्ष · प(क्ष) आणि क्ष^२ · त(क्ष) दोन्ही शून्यापाशी अ‍ॅनालिटिक असतील तर बिंदू रेग्युलर सिंग्युलर, नाहीतर इरेग्युलर.

क्ष एकदा आणि क्ष^२ एकदा, असे का? क्ष^र चे एकदा अवकलन केले की घात एकने उतरतो, दोनदा केले की दोनने. म्हणून क्ष^२ य″, क्ष य′ आणि य ही तिन्ही पदे क्ष^र वर लावली तर पुन्हा क्ष^र याच घातावर येतात. क्ष^२ य″ + अ क्ष य′ + ब य = ० हे ऑयलर-कोशी समीकरण याच कारणाने इतके सहज सुटते. रेग्युलर सिंग्युलर बिंदूपाशी तुमचे समीकरण, कितीही अवघड दिसले तरी, शून्याच्या अगदी जवळ एका ऑयलर-कोशी समीकरणासारखे वागते. बाकीची पदे वरच्या घातांची असतात, त्यांच्यामुळे उत्तरात फक्त दुरुस्त्या होतात.

वर्गात शिकवली जाणारी 'सीमा मर्यादित आली की रेग्युलर' ही कसोटी बहुपदी भागिले बहुपदी असलेल्या सहगुणकांना बरोबर लागू पडते. इतरत्र सांभाळा. क्ष^२ य″ + क्ष य′ + √क्ष य = ० मध्ये दोन्ही सीमा मर्यादित आहेत, पण √क्ष शून्यापाशी अ‍ॅनालिटिक नाही, म्हणून व्याख्येनुसार हा बिंदू रेग्युलर नाही. क्ष = ट^२ असे चल बदलले की मात्र अडचण सुटते.

इंडिशियल समीकरण लवकर कसे लिहायचे?

क्ष · प(क्ष) ची शून्यापाशीची किंमत अ, आणि क्ष^२ · त(क्ष) ची ब. मग

र(र − १) + अ र + ब = ०

हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे आणि सिरीज उलगडण्याच्या आधी करायचे आहे. उलट क्रमाने जाणारे विद्यार्थी दोन पाने बेरजा सरकवण्यात घालवतात आणि शेवटी याच ओळीपाशी पोहोचतात.

एखादे उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

४ क्ष य″ + २ य′ + य = ०. भागल्यावर प = १/(२क्ष) आणि त = १/(४क्ष). म्हणून अ = १/२, ब = ०. इंडिशियल समीकरण र(र − १) + र/२ = ०, मुळे ० आणि १/२. फरक पूर्णांक नाही, तेव्हा दोन स्वतंत्र उत्तरे मिळणार हे इथेच कळले.

आता य = क(०) क्ष^र + क(१) क्ष^(र+१) + … घाला आणि क्ष^(न+र−१) चे सहगुणक गोळा करा:

(२न + २र)(२न + २र − १) क(न) = − क(न−१)

र = ० घेतल्यावर २न(२न − १) क(न) = − क(न−१). क(०) = १ धरले तर पुढचे −१/२, १/२४, −१/७२०. छेदात २, ४, ६ यांचे फॅक्टोरियल आले. उत्तर १ − क्ष/२ + क्ष^२/२४ − …, म्हणजे कोसाइन √क्ष.

र = १/२ घेतल्यावर (२न + १)(२न) क(न) = − क(न−१). उत्तर √क्ष (१ − क्ष/६ + क्ष^२/१२० − …), म्हणजे साइन √क्ष.

हे समीकरण मला शिकवायला फार आवडते. साधी पॉवर सिरीज घातली असती तर कोसाइन √क्ष मिळाले असते, काही बिघडलेही दिसले नसते, आणि साइन √क्ष गुपचूप निसटले असते. दुसऱ्या कोटीच्या समीकरणाला दोन उत्तरे हवीत हे मोजून पाहण्याची सवय इथे कामाला येते.

मुळांचा फरक पूर्णांक असला की अडचण का येते?

इंडिशियल समीकरणाच्या डाव्या बाजूला इ(र) म्हणू. रिकरन्समध्ये, म्हणजे आधीच्या सहगुणकांवरून पुढचा देणाऱ्या सूत्रात, क(न) च्या पुढे नेहमी इ(र + न) हा गुणक असतो. थोरले मूळ धाकट्याहून समजा ३ ने मोठे आहे. धाकट्या मुळापासून निघालात की तिसऱ्या पायरीवर इ(धाकटे + ३) म्हणजे इ(थोरले) समोर येते, आणि ते शून्य आहे. त्या पायरीवर समीकरण होते ० · क(३) = काहीतरी.

ते 'काहीतरी' शून्य असेल तर क(३) हवे ते घ्या, गाडी पुढे जाते. शून्य नसेल तर हा मार्ग बंद, आणि लॉग आणावाच लागतो.

दोन्ही गोष्टी बेसेलच्या समीकरणात दिसतात: क्ष^२ य″ + क्ष य′ + (क्ष^२ − व^२) य = ०. मुळे व आणि −व. रिकरन्स ((न + र)^२ − व^२) क(न) = − क(न−२).

व = १/२ घ्या. फरक १. र = −१/२ ने न = १ ला (१/४ − १/४) क(१) = ०. शून्य बरोबर शून्य, काही तक्रार नाही. दोन्ही उत्तरे लॉगशिवाय मिळतात: कोसाइन क्ष भागिले √क्ष, आणि साइन क्ष भागिले √क्ष.

व = १ घ्या. फरक २. र = −१ ने न = २ ला (१ − १) क(२) = − क(०), म्हणजे ० = − क(०). पण क(०) शून्य नाही हे धरूनच आपण निघालो होतो. इथे लॉग अटळ.

तेव्हा 'फरक पूर्णांक म्हणजे लॉग येणारच' हे पाठ केलेले वाक्य चूक आहे. त्या एका पायरीवर जाऊन बघावे लागते. मुळे सारखी असतील तेव्हा मात्र लॉग हमखास.

लॉग मुळात येतो कुठून?

दोन मुळे अगदी जवळ आहेत असे समजा: र आणि र + ह. मग क्ष^र आणि क्ष^(र+ह) ही दोन उत्तरे, आणि त्यांची वजाबाकी भागिले ह हेही उत्तरच. ह शून्याकडे नेला की ही राशी क्ष^र चे र च्या संदर्भात अवकलन होते, आणि ते क्ष^र · लॉग क्ष आहे. दोन मुळे एकमेकांत मिसळली की हरवलेले दुसरे उत्तर लॉगच्या रूपाने परत येते.

फ्रोबेनियसने हीच कल्पना हत्यार म्हणून वापरली. र ला आकडा न देता सहगुणक र मध्येच ठेवायचे, मग र च्या संदर्भात अवकलन करायचे, आणि शेवटी मूळ घालायचे. शून्य कोटीच्या बेसेल समीकरणात (व = ०, मुळे ०, ०) करून पाहा. क(०) = १ धरून

क(२) = −१/(र + २)^२, क(४) = १/((र + २)^२ (र + ४)^२)

क(२) चे अवकलन २/(र + २)^३, र = ० ला १/४. क(४) चे अवकलन म्हणजे क(४) गुणिले (−२/(र + २) − २/(र + ४)), र = ० ला (१/६४)(−३/२) = −३/१२८. दुसरे उत्तर:

(पहिले उत्तर) · लॉग क्ष + क्ष^२/४ − ३क्ष^४/१२८ + …

'दुसरे उत्तर = पहिले · लॉग + नवी सिरीज' असे धरून सहगुणक जुळवण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी आखूड आहे, आणि चुकायला जागाही कमी.

हे सगळे प्रत्यक्षात कुठे लागते?

गोल ताणलेल्या पडद्याचे कंपन घ्या. मध्यबिंदूपासूनचे अंतर हे चल धरले की बेसेलचे समीकरण येते, आणि मध्यबिंदू हा त्याचा रेग्युलर सिंग्युलर बिंदू. मध्याभोवती सारख्या हलणाऱ्या कंपनांसाठी मुळे ०, ०, म्हणून एक उत्तर मर्यादित आणि एक लॉगवाले. लॉगवाले मध्यावर अनंताला जाते, पडदा तसा हलू शकत नाही, म्हणून ते टाकून द्यायचे. मग कडेला पडदा पक्का बांधलेला आहे या अटीतून स्वर ठरतात. त्या मर्यादित उत्तराचे, म्हणजे शून्य कोटीच्या बेसेल फलाचे, पहिले शून्य २.४०४८ वर आहे, आणि त्यावरून मूळ स्वर निघतो.

सगळीकडे सारख्या जाडीच्या पडद्याचे पुढचे स्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे वेडेवाकडे येतात, म्हणून साध्या ढोलाला नेमका सूर सापडत नाही. तबल्याला तो सापडतो, कारण शाई, म्हणजे पडद्यावरचा काळा लेप. मृदंग आणि तबल्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या जवळजवळ पूर्णांक पटीत येतात हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये एस. कुमार यांच्यासोबत 'नेचर'मध्ये मांडले आणि १९३४ मध्ये त्यावर सविस्तर लिहिले.

आता इंडिशियल समीकरणाच्या नजरेने पाहा. शाईमुळे पडद्याचे वजन मध्याकडे वाढते, पण ते मर्यादितच राहते. समीकरणात ते वजन क्ष^२ ला गुणलेले असते, त्यामुळे शून्यापाशी ब ची किंमत बदलत नाही. मुळे तीच, ० आणि ०. शाईने स्वरांची सारी मांडणी बदलते, पण मध्यबिंदूजवळ पडद्याने कसे वागायचे हे मात्र ती बदलू शकत नाही. मुळे आधी काढायचा माझा आग्रह यासाठीच आहे: न सोडवलेल्या समीकरणाबद्दलही ती एवढे सांगून जातात.

हायड्रोजन अणूतही हेच. कक्षेचा कोनीय अंक ल असेल तर केंद्रापाशी मुळे ल आणि −(ल + १). दुसरे मूळ टाकून द्यायचे.

आधी कोणते मूळ घ्यावे?

थोरले. त्याची सिरीज कधीच अडत नाही. फरक पूर्णांक असेल आणि लॉग येणार नाही अशी खात्री असेल तर धाकट्यापासून निघा, कारण तिथे दोन सहगुणक मोकळे राहतात आणि एकाच हिशेबात दोन्ही उत्तरे हाती येतात.

मुळे संमिश्र आली तर?

पद्धत तीच. क्ष^२ य″ + क्ष य′ + य = ० ची मुळे वजा एकच्या वर्गमुळाच्या धन आणि ऋण किमती, आणि वास्तव उत्तरे कोसाइन(लॉग क्ष), साइन(लॉग क्ष). शून्याकडे जाताना ही फले अनंत वेळा वरखाली होतात. क्ष ऋण असेल तर लॉगमध्ये आणि अपूर्णांक घातात क्ष ची केवल किंमत घ्या.

ही सिरीज कुठपर्यंत खरी असते?

निदान जवळच्या दुसऱ्या सिंग्युलर बिंदूपर्यंत. तो बिंदू संमिश्र प्रतलातही शोधायचा. समीकरणात कुठे १ + क्ष^२ ने भागलेले असेल तर वास्तव रेषेवर काहीच दिसत नाही, तरी वजा एकच्या वर्गमुळापाशी बिंदू आहे आणि शून्यापासून त्याचे अंतर १. तेवढ्या त्रिज्येची हमी मिळते, त्यापुढची नाही. लजांद्रचे समीकरण, (१ − क्ष^२) य″ − २क्ष य′ + ल(ल + १) य = ०, क्ष = १ भोवती सोडवले तर दुसरा बिंदू −१ वर, म्हणून त्रिज्या २. बेसेलला दुसरा मर्यादित सिंग्युलर बिंदूच नाही, त्यामुळे त्याची सिरीज सगळीकडे अभिसारी.

रेग्युलर बिंदूंची ही ओळख लाझारुस फुक्स यांच्या १८६६ च्या लेखातून आली. गेओर्ग फ्रोबेनियस यांनी १८७३ मध्ये, वयाच्या चोविशीच्या आसपास, तेच काम खूप सुटसुटीत करून दाखवले. दोन्ही लेख क्रेले यांनी सुरू केलेल्या जर्मन गणित नियतकालिकातले.

बिंदू इरेग्युलर असेल आणि तरीही सिरीज घातली तर?

क्ष^२ य″ + (३क्ष − १) य′ + य = ० वर करून पाहा. सर्वात खालच्या घातावर फक्त −र क(०) = ० उरते. वर्गसमीकरणाऐवजी एकघाती समीकरण, मूळ एकच, र = ०. धोक्याची सूचना इथेच मिळाली. पुढे रिकरन्स क(न+१) = (न + १) क(न), म्हणून क(न) = न! आणि सिरीज १ + क्ष + २क्ष^२ + ६क्ष^३ + २४क्ष^४ + … शून्य सोडून कुठेही ती अभिसारी नाही.

म्हणून ती टाकाऊ मात्र नाही. ऑयलरने अठराव्या शतकात क्ष^२ य′ + य = क्ष या समीकरणाची अशीच सिरीज हाताळली होती: क्ष − क्ष^२ + २क्ष^३ − ६क्ष^४ + … क्ष = ०.१ ला तिची पदे दहाव्या-अकराव्या पदापर्यंत लहान होत जातात, सर्वात लहान पद सुमारे ०.००००३६, आणि मग फुगू लागतात. लहान पदापाशी थांबलात तर खऱ्या उत्तरातली चूक त्याहून कमी असते. अशा सिरीजना नेमकी व्याख्या पॉइंकारे यांनी १८८६ मध्ये दिली.

अनंतावरचा बिंदू कसा तपासायचा?

क्ष = १/ट घालून ट = ० पाहायचे. सगळे सिंग्युलर बिंदू, अनंत धरून, रेग्युलर असतील तर फुक्स यांचे एक सुरेख नाते लागू होते: बिंदू एकूण म असतील तर सर्व मुळांची बेरीज म − २. लजांद्रच्या समीकरणात १ आणि −१ वर मुळे ०, ०, अनंतावर ल + १ आणि −ल. बेरीज १, बिंदू ३. आपला हिशेब तपासायला याइतके स्वस्त साधन नाही.

परीक्षेत काय विचारतात?

गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या गणित अभ्यासक्रमात फ्रोबेनियस पद्धत, लजांद्र आणि बेसेल फले आहेत. अशा परीक्षांत पूर्ण सिरीज काढायला वेळ नसतो, म्हणून प्रश्न मुळांवरच येण्याची शक्यता जास्त: बिंदू कोणत्या प्रकारचा, मुळे कोणती, सगळी उत्तरे शून्यापाशी मर्यादित राहतात का. शेवटच्या प्रश्नात ० हे दुहेरी मूळ असेल तर उत्तर 'नाही', कारण लॉग एकटा पडतो. मुळे ० आणि २ असतील तर लॉग आला तरी तो क्ष^२ ला गुणलेला असतो, आणि तो गुणाकार शून्याकडे जातो.

संगणक असताना हे हाताने कशाला?

कारण संगणकाला क्ष = ० पासून सुरुवात करता येत नाही. पायथनच्या सायपाय या गणिती लायब्ररीत शून्य कोटीचे बेसेलचे समीकरण तसेच घालून शून्यावरून निघालात तर पहिल्याच पायरीला शून्याने भागाकार होतो. किंचित बाजूला, समजा क्ष = ०.१ वर, य = १ आणि य′ = ० ठेवून निघालात तर चूक सुरुवातीलाच आत शिरते.

सिरीजची तीन पदे हाताने काढा: १ − क्ष^२/४ + क्ष^४/६४. क्ष = ०.१ ला य = ०.९९७५०१५६ आणि य′ = −०.०४९९३७५. पहिल्या किमतीतली चूक दहाव्या दशांश स्थळाच्या आसपास, दुसऱ्यातली आठव्या. या दोन किमती सुरुवातीच्या म्हणून द्या, तिथून पुढचे गणन संगणक बिनबोभाट करतो.